जालन्याच्या चर्चमध्ये हिशेब वाचला जातो तेव्हा

मागच्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी जालन्यातल्या एका चर्चच्या शेवटच्या बाकावर दीड तास बसून होतो. अम्मीला हे कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "वहाँ क्या काम था तेरा?" काम काहीच नव्हतं. शाळेपासूनच्या मित्राकडे दुपारचं जेवण होतं. तो म्हणाला, "उपासना संपली की मंडळीची वार्षिक सभा आहे, दहा मिनिटांत उरकेल, मागे बस, मग सोबतच निघू." बाहेर ऊन असं होतं की दहा मिनिटं उभं राहणंही नको वाटावं. म्हणून बसलो.

सभा दहा मिनिटांत उरकली नाही. खजिनदारांनी कागद काढला आणि वर्षभराचा जमाखर्च वाचायला सुरुवात केली. रविवारचं दानार्पण किती, कापणीच्या सणाला लिलावातून किती आले, पाळकांचं मानधन, विजेचं बिल, रंगकाम, जनरेटरचं डिझेल. डिझेलपाशी गाडी अडली. तिसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त परिचारिका उठल्या. सत्तरीच्या असतील. म्हणाल्या, "गेल्या वर्षी लाइट जास्त वेळा जात होती, तेव्हा डिझेल कमी लागलं. यंदा कमी वेळा गेली, तर डिझेल जास्त कसं?" खजिनदार चिडले. म्हणाले, पावत्या आहेत. बाई म्हणाल्या, "असतील, मग दाखवा." पाळक मध्ये पडले, पण त्यांनी बाईंना खाली बसवलं नाही. पावत्यांची फाइल आली, दोघातिघांनी चाळली, एक पावती दोनदा धरली गेल्याचं निघालं, रक्कम दुरुस्त झाली. मग समितीची निवडणूक. त्यात माझा मित्र दोन मतांनी पडला आणि जेवताना त्याचं तोंड उतरलेलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोणाचाही कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. चूक काढली म्हणून कोणी "माझ्या नियतीवर शक घेतला" असं म्हणत नाही. त्यामुळे डिझेलच्या पावतीचं मला नवल वाटायला नको होतं. तरी वाटलं, कारण पुण्याला परतताना रात्रभर मला माझाच एक जुना प्रसंग आठवत राहिला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत जुम्म्यानंतर मी ट्रस्टच्या एका बुजुर्गांना विचारलं होतं की, चंद्याचा हिशेब वर्षातून एकदा फलकावर लावता येईल का? एक्सेल शीट मी करून देतो, छपाईचा खर्चही माझा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तुम इंजिनियर हो, माशाअल्लाह. ये अल्लाह का घर है, कंपनी नहीं." आवाजात राग अजिबात नव्हता. रागावले असते तर मी भांडलो असतो. त्या प्रेमळ हाताने मला असं दाराबाहेर काढलं की मी पुन्हा विचारलंच नाही. नमाज तिथेच पढतो, चंदा देतो, सलाम करून निघतो. कोणी पैसे खाल्ले असं मला म्हणायचं नाही. मला त्यातलं काही ठाऊकच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, चर्चचं काय कौतुक सांगतोस, ते तर इंग्रजांचं देणं. जालन्यात ख्रिस्ती लोकांविषयी आपल्या घरांतही असंच बोललं जातं, मी लहानपणापासून ऐकलंय. गोऱ्या साहेबांनी पैसे दिले, गहू दिला, आणि हे बाटले. हे वाक्य ऐकताना आपल्याविषयी तलवार आणि बादशाह घालून जे वाक्य बोललं जातं ते आठवत नाही का? दोन्ही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे: गावकुसाबाहेरच्या माणसालाही स्वतःची अक्कल असू शकते, हे बोलणाऱ्याला मान्य नसतं.

जालन्याच्या मंडळीचा इतिहास गोऱ्या साहेबापासून सुरू होत नाही. तो नारायण शेषाद्रींपासून सुरू होतो. हे दख्खनी ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहायला गेला. वय बाराच्या आसपास. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत कोण घेणार? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून कंबर कसली, तर सनातनी मंडळी जांभेकरांवरच उलटली. एक पोरगा, त्याच्या पानातला घास, आणि अख्खी मुंबई त्यावर भांडत होती. मराठी पत्रकारितेच्या जनकाचं नाव आपण सहा जानेवारीला घेतो, या भांडणाबद्दल मात्र शाळेत कोणी सांगितलं नाही.

पुढे १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला आले. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होता आणि इथे इंग्रजी फौजेची छावणी होती. त्यांचं काम मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांमध्ये उभं राहिलं. जातीच्या उतरंडीत सगळ्यात वर जन्मलेला माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर टाकलेल्या लोकांसोबत राहायला, जेवायला आणि त्यांना शिकवायला आला, हे त्या काळात केवढं मोठं असेल याचा अंदाज आजही गावात राहणाऱ्याला येईल. या नव्या लोकांसाठी त्यांनी जालन्याजवळ एक गाव वसवलं, नाव ठेवलं बेथेल. त्यासाठीची जमीन दिली हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी. एका मुस्लिम राज्याच्या मुस्लिम दिवाणाने, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला, मांग-महारांच्या वस्तीसाठी. आजच्या टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य पूर्ण होण्याआधीच चौघे जण ओरडायला लागतील.

बेथेल हा हिब्रू शब्द. बेथ म्हणजे घर, एल म्हणजे ईश्वर. आपल्या कानाला तो अजिबात परका नाही, बैत हाच तो शब्द. हजरत याकूब यांच्या कथेतलं हे ठिकाण आहे. जालन्याच्या काळ्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी एका गावाला जवळजवळ 'बैतुल्लाह' याच अर्थाचं नाव दिलं होतं, आणि मी ते तिशी ओलांडल्यावर शोधून वाचलं. माझा जन्म याच शहरातल्या मिशन हॉस्पिटलमधला. 'मिशन' म्हणजे काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्यासाठी ते हॉस्पिटलचं नाव होतं, जसं एखाद्याचं गांधी असतं.

हिशेबाकडे परत येतो, कारण ती डिझेलची पावती वाटते तितकी नवी नाही. नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, मे १८४३ मध्ये, स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. कारण काय होतं? तिथे गावच्या चर्चमध्ये पाळक कोण असावा हे तिथला जमीनदार ठरवायचा. लोकांना तो नको असला तरी. ज्यांना हे पटत नव्हतं असे साडेचारशेहून अधिक पाळक एकाच वेळी बाहेर पडले. पगार, राहतं घर, चर्चची इमारत, सगळं सोडून. अनेक ठिकाणी लोकांनी उघड्या माळावर उपासना केल्या. त्यांनी नवं 'फ्री चर्च' काढलं, आणि हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरीही त्यांच्यासोबत गेले, त्यांनाही इथल्या इमारतींवर पाणी सोडावं लागलं. जालन्याचं मिशन याच फ्री चर्चचं. म्हणजे जालन्यातली ती आजी डिझेलचा हिशेब मागत होती तेव्हा तिच्यामागे फार जुनं भांडण उभं होतं: देवाच्या घराचा कारभार कोणाचा, जमीनदाराचा की तिथे येणाऱ्या माणसांचा?

या परंपरेत पाळक एकटा कारभार करत नाही. लोकांनी निवडलेले वडील असतात, खजिनदार असतो, समिती असते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशपांची परंपरा मानणारे होते, न मानणारेही होते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, मोठेपणीच द्यावा म्हणणारेही होते. एकमेकांना शतकभर चुकीचं म्हणणारी माणसं वर्षानुवर्षं वाटाघाटी करून एका छपराखाली आली आणि दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. आपल्याकडे आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, एवढ्यावरून मशिदी वेगळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

मंडळी हा शब्द मला फार आवडला. मराठी प्रॉटेस्टंट लोक चर्चला मंडळी म्हणतात. इमारतीला नव्हे, तिथल्या लोकांना. आपल्याकडे त्याच अर्थाचा शब्द आहे, जमात. पण आपण 'जमात से नमाज' म्हणतो तेव्हा जमात म्हणजे नमाजेतली रांग. सलाम फिरवला की रांग मोडते आणि जमातही तिथेच संपते. रांगेत खांद्याला खांदा लावणारा मजूर आणि ट्रस्टी, रांग मोडल्यावर पुन्हा मजूर आणि ट्रस्टी होतात.

या चर्चची तारीफ करून थांबलो तर तो खोटेपणा होईल. मित्राला मी जेवताना म्हणालो, तुमचं बरं आहे, विचारता तरी येतं. तो हसला. म्हणाला, "विचारता येतं म्हणून तर तरुण यायचे बंद झाले." मला समजलं नाही, तेव्हा त्याने सांगितलं. विचारायचं काय, तर जागेचं. कोणाच्या नावावर कुठला बंगला, कुठला प्लॉट कोणी भाड्याने दिला, कोणाची केस कुठल्या कोर्टात. देशभर या जुन्या मिशनच्या जमिनींचे खटले चालू आहेत. एका पिढीची सगळी ऊर्जा त्यात जिरली. रविवारी उपासनेला पन्नाशीच्या पुढचेच जास्त दिसतात. मुलं पुण्यात, मुंबईत, आखातात, काही परदेशात परिचारिका म्हणून गेलेली. जी इथे आहेत त्यांना दोन तासांची ठरावीक क्रमाची उपासना कंटाळवाणी वाटते. ती भाड्याच्या हॉलमधल्या नव्या प्रार्थनागटांकडे वळतात, जिथे गिटार आहे, ड्रम आहे, रडणं आहे, आजार बरे होण्याची आशा आहे. आणि बाकीच्यांचा पाळक मोबाइलमध्ये राहतो. कोणी कोरियाचा, कोणी अमेरिकेचा, कोणी पंजाबचा.

हे ऐकताना मी हातातला चमचा खाली ठेवला, कारण ही आपलीच कहाणी आहे. माझ्या चुलत भावाचा आलिम कोण, तर यूट्यूब सांगेल तो. आज एक जण छायाचित्र हराम म्हणतो, उद्या दुसरा तेच व्हिडिओत येऊन सांगतो. मोहल्ल्यातल्या पेश इमामांना त्याने गेल्या वर्षभरात एकही प्रश्न विचारलेला नाही. ते त्याला ओळखतात, त्याच्या वडिलांच्या जनाज्याची नमाज त्यांनीच पढवली. पण मोबाइलमधला माणूस जास्त आत्मविश्वासाने बोलतो. माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी: तो व्हिडिओ तुमच्यासमोर आणणाऱ्या यंत्राला दीन कळत नाही, शांती कळत नाही. तुम्ही किती वेळ थांबलात एवढंच ते मोजतं. भीती आणि राग यांच्यासमोर माणूस सर्वांत जास्त थांबतो. म्हणून बायबल असो की कुरआन, मोबाइलमधून येणारा धर्म हळूहळू भीतीचा आणि रागाचा होत जातो. प्रचारकाची नियत चांगली असली तरी.

मग डिझेलची पावती मागून काय मिळालं? तरुण तर तिथेही थांबले नाहीत. हा प्रश्न मी स्वतःला बरेच महिने विचारला. माझं आजचं उत्तर असं आहे की, ती आजी अजून येते. तिची सून येते. मित्र निवडणूक हरला, तरी पुढच्या रविवारी गेला, कारण ज्यांनी त्याला पाडलं त्यांच्याशी त्याला भांडायचं होतं. भांडायला जागा असलेली माणसं उंबरठा सोडत नाहीत. आपल्याकडे भांडण होत नाही, फार शांतता आहे, सगळे एकमेकांचा आदर करतात, आणि जुम्म्याला फर्ज झाल्या की पोरं चपला हातात घेऊन पळतात.

त्या सभेतली सर्वांत कठीण गोष्ट माझ्यासाठी हिशेब नव्हती, प्रश्न विचारणारी बाई होती. मराठवाड्यात परिचारिका हा पेशा जेव्हा घरंदाज लोक कमी प्रतीचा समजत, तेव्हा मिशनमध्ये शिकलेल्या ख्रिस्ती मुली तो करत होत्या. आपल्या आज्या-नान्यांची बाळंतपणं त्यांनीच केली. त्यातून आलेला तो आवाज आहे. चाळीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला खजिनदाराची काय भीती? शेजारच्या चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये एक स्त्री बिशप झाली. आपल्याकडे एवढं लांब जायला नको. माझ्या बहिणीने एमएस्सी केलं आहे. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत तिला वजू करायला नळ नाही, मग हिशेब विचारायला जागा कुठून असणार? मदीनेच्या मशिदीत बाया नमाज पढत, बोलत, हे मिंबरवरून सांगितलं जातं. मग आमच्या गल्लीत ते का चालत नाही, याचं उत्तर मात्र मिंबरवरून मिळत नाही.

आणि मराठी. हा माझा स्वतःचा जुना घाव आहे, म्हणून थोडा लांबेन. त्या दिवशी उपासना पूर्ण मराठीत झाली. प्रार्थना मराठीत, उपदेश मराठीत, गीतं मराठीत, त्यातली बरीच नारायण वामन टिळकांची. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांची गाणी विलायती चालींवर बसत नव्हती. त्यांना ओवी, अभंग, टाळ हवे होते. मिशनचा पगार आणि मिशनची चौकट यांत त्यांचा जीव गुदमरत होता. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा प्रयोग मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि प्रयोग थांबला. पण गाणी राहिली. माझ्यासमोरच्या बाकावरचा आठ-दहा वर्षांचा मुलगा शंभर वर्षांपूर्वीचं गीत पुस्तकात न बघता म्हणत होता, कारण ते त्याच्या घरातल्या भाषेत होतं.

आपल्या घरातली भाषा दख्खनी, शाळेतली मराठी, मिंबरवरची साहित्यिक उर्दू, नमाजेची अरबी. मी अरबीच्या विरोधात नाही, ती जगभरच्या रांगेला जोडते. उर्दूच्याही नाही, अब्बूंची सगळी पुस्तकं उर्दूत आहेत आणि त्यातली निम्मी मला वाचता येत नाहीत ही माझी शरम आहे. पण मराठी माध्यमात शिकलेला मंठा-परतूरचा मुलगा जुम्म्याच्या बयानातले अर्धे शब्द अंदाजाने समजतो. त्याला कोणी मराठीत दहा मिनिटं सांगितलं तर दीनचं काय कमी होणार आहे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला त्याला शतकं झाली. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. साहित्यात आपण मराठी झालो, मशिदीत व्हायचे आहोत.

या चर्चकडे बघण्याचं आणखी एक कारण आहे, ते कारभाराचं नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, एक टक्काही नाहीत. त्यांच्याकडे मतपेढी नाही, जालन्यात तर मुळीच नाही. मित्राच्या नात्यातल्या एका गटाला प्रार्थनेसाठी घेतलेला हॉल गेल्या वर्षी मालकाने अचानक रिकामा करायला सांगितला. कारण दिलं नाही, आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात मला नाव सांगितल्यावर फ्लॅट 'आताच गेला' असं तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. आम्ही दोघांनी हे किस्से एकमेकांना सांगितले, हसलो, आणि मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या विषयांत 'लव्ह जिहाद' आणि सक्तीचं धर्मांतर एकत्र होतं. एका शब्दात आपण, दुसऱ्यात ते. सरकारने आपल्याला एकाच फाइलमध्ये घातलं, आपण मात्र अजून एकमेकांच्या घरी जेवायला जायला कचरतो.

जुनी फाइलही एकच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर. बेथेलमध्ये राहायला गेलेल्या मांगाच्या पणतूला कागदावर जात नाही, आणि लग्न ठरवताना मात्र, मंडळीतही, ती बरोबर आठवते. आपल्याकडे बिरादरीचं वेगळं काय आहे? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. याच जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तिच्या मंचावर दिलीप कुमार आले. मुसलमानांत जात कुठे असते, म्हणून आपल्याच लोकांनी त्यांना सुनावलं होतं. ज्या शहराने हा प्रश्न देशापुढे मांडला, त्या शहरात दलित ख्रिस्ती आणि मागास मुस्लिम एका मंचावर बसल्याचं मी तरी पाहिलं नाही.

हा लेख वाचून कोणी मला सांगेल की यहूद-नसारांचं अनुकरण करू नये. मला ते ठाऊक आहे. मी त्यांच्या अकीद्याविषयी बोलत नाही, आमचा त्यांचा त्यावर मतभेद आहे आणि मित्राला तो माझ्याइतकाच माहीत आहे. पण मक्क्यात जगणं अशक्य झालं तेव्हा पहिले मुस्लिम कोणाच्या आसऱ्याला गेले? हबशाच्या ख्रिस्ती राजाच्या, नजाशीच्या. नजरानचे ख्रिस्ती मदीनेला आले तेव्हा त्यांनी मशिदीत आपली प्रार्थना केल्याची नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. आणि हिशेब ही काही स्कॉटलंडहून आलेली वस्तू नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे मी गेल्या काही महिन्यांत बऱ्याच मित्रांना विचारलं. कोणी जन्नत म्हणालं, कोणी जिहाद. ती सूरह बकरातली २८२ वी आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे: लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये. एका सूरहचं नावच शूरा, सल्लामसलत, असं आहे. अल्लाहच्या घराला कंपनीसारखं चालवू नये हे बुजुर्गांचं म्हणणं मला मान्य आहे. कंपनीत हिशेब फक्त भागधारकांना देतात.

वक्फचा नवा कायदा २०२५ मध्ये आला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, मीही पुण्यात उतरलो होतो, आणि पुन्हा उतरेन. आपली मालमत्ता दुसऱ्याने चालवू नये ही मागणी बरोबरच आहे. पण घोषणा देता देता माझ्या मनात येत होतं की, माझ्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मालकीची किती दुकानं आहेत आणि त्यांचं भाडं किती येतं, हे मला आणि माझ्यासोबत चालणाऱ्या पन्नास पोरांना सांगता येणार नाही. सरकारी पोर्टलवर माहिती भरायची वेळ आली तेव्हा अनेक ठिकाणी कागद शोधायला धावपळ झाली. ते कागद दरवर्षी जमातीसमोर वाचले गेले असते तर ते शोधावे लागले नसते.

मित्र पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणार आहे. त्याच्या बायकोने त्याला सांगितलंय की या वेळी त्या आजींना आधी जाऊन भेट, त्यांचं मत फिरलं की महिलांची सगळी मतं फिरतात. मी मागच्या महिन्यात घरी आलो तेव्हा बुजुर्गांकडे पुन्हा गेलो. या वेळी एकटा गेलो नाही. मोहल्ल्यातला एक रिक्षावाला, एक बीएडची तयारी करणारा, माझा तोच यूट्यूबवाला चुलत भाऊ, आणि फोनवरून माझी बहीण. अर्ज मराठीत आणि उर्दूत लिहिला, दोन ओळींचा: रमजानपूर्वी वर्षाचा जमाखर्च जुम्म्यानंतर वाचून दाखवावा, आणि बायकांसाठी वजूची सोय करण्याबाबत बैठक घ्यावी. बुजुर्गांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ये मराठी में किसने लिखा?" बहिणीने लिहिलाय म्हणून सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून सदरीच्या खिशात ठेवली. पोच मागितली तर आधी नाही म्हणाले. चुलत भाऊ दारातून हलला नाही, तेव्हा सही केली.